हेल्गा बोलली ती सभा

जर्मनीतल्या येना शहराहून निघालेली छोटी गाडी नदीच्या काठाकाठाने जाते आणि तासाभराच्या आत माझ्या भाचीच्या गावाला पोचते. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. गाव लहान आहे, आणि हे सगळं ज्यांच्या वाट्याला आलं ती माणसं अजून तिथेच राहतात. मी महिनाभर राहून परत सांगलीला आले. लोक विचारतात, जर्मनी कशी आहे. रस्ते, पूल, बर्फ, किल्ले, सगळं पाहिलं. पण सांगावंसं वाटतं ते एका निवडणुकीबद्दल, तेसुद्धा खऱ्या नव्हे, पक्षातल्या पक्षात झालेल्या.

मुक्ता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. भिंगं आणि प्रकाश यांचं शिक्षण घ्यायला येनाला गेली, तिथेच निरंजन भेटला, लग्न झालं. येनात घरं मिळेनात म्हणून दोघं या गावात राहायला आली. निरंजन रोज गाडीने येनाला कामावर जातो. मुक्ताने पुढे जर्मन नागरिकत्व घेतलं, भारतीय पासपोर्ट परत केला. त्या दिवशी तिची आई घरात कुणाशी बोलली नव्हती. मग मुक्ता तिथल्या एका पक्षात शिरली. मी सांगलीच्या एका दैनिकात वीसेक वर्षं राजकारणाच्या बातम्या केल्या, त्यामुळे फोनवर आमचं त्याच विषयावर जास्त बोलणं व्हायचं. "मावशी, आता निवृत्त झालीस ना, मग इथली उमेदवारी कशी ठरते ते बघायला ये," ती म्हणाली आणि मी गेले.

स्टेशन चुकलं

पहिलीच फजिती दाराची. गाव आलं, गाडी थांबली, मी बॅग घेऊन दारापाशी उभी राहिले आणि दार उघडायची वाट बघत राहिले. तिथे बटण दाबल्याशिवाय दार उघडत नाही. फ्रँकफर्टपासून प्रत्येक वेळी माझ्या पुढे कुणीतरी होतं, म्हणून ते ध्यानात आलं नव्हतं. या डब्यात मी एकटीच. गाडी मला घेऊन पुढच्या खेड्यात गेली. फलाटावर ना बाक, ना माणूस, बारीक बर्फ पडत होता. मुक्ताला फोन केला तर ती बैठकीत. "हलू नकोस, डीटरला पाठवते," म्हणाली.

जुन्या मोटारीतून दोघं आली. डीटर सत्तरीचे, उंच, कानटोपी घातलेले, एकेकाळचे भूगोलाचे शिक्षक. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच जपून बोललेलं. शेजारी त्यांची बायको हेल्गा. तिने उतरून स्वतःचा मफलर काढला आणि काही न विचारता माझ्या गळ्याभोवती गुंडाळला. वाटेत तिने मला तीनदा नाव विचारलं. तिसऱ्यांदा मी सांगितल्यावर डीटर आरशातून माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "माझी बायको विसरते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

त्या पक्षात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, वय कितीही असो. मुक्ता त्यांना सरळ 'डीटर' म्हणायची. माझ्या तोंडून ते काही निघेना. मनातल्या मनात मी त्यांना डीटरराव म्हणू लागले, आणि एकदा ते तोंडून निघून गेलं. मुक्ता खूप हसली. त्यांना मात्र ते आवडलं.

खाटकाचं दुकान

प्रचाराची कचेरी गावातल्या खाटकाच्या बंद पडलेल्या दुकानात होती. पांढऱ्या फरशा छतापर्यंत, वर लोखंडी आकडे तसेच. त्या आकड्यांना आता कोट टांगलेले. जुन्या काउंटरवर कॉफीचं यंत्र, शेजारी पत्रकांचे गठ्ठे. माझ्यासारख्या शाकाहारी बाईला आत शिरताना पहिले दोन दिवस जड गेलं, मग सवय झाली.

तिथे लांडराट नावाचं पद आहे. आपल्याकडच्या कलेक्टरसारखं, पण लोकांनी निवडून द्यायचं. त्या पदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे जिल्ह्यातले सभासद स्वतः मत देऊन ठरवणार होते. एका शनिवारी सगळ्यांनी एका सभागृहात जमायचं आणि चिठ्ठी टाकायची. मी डीटररावांना सांगितलं, आमच्याकडे तिकीट मुंबईहून येतं, कधी दिल्लीहून, आणि ते कुणाला मिळणार हे उमेदवारालाही शेवटच्या दिवसापर्यंत कळत नाही. ते म्हणाले, "आमच्याकडेही पूर्वी वरूनच यायचं. म्हणून तर मला हे आवडतं." त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग जुन्या पूर्व जर्मनीत गेलेला. मत देण्याबद्दल ते बोलत तेव्हा आवाज खाली यायचा.

दोन उमेदवार होते. एक तरुण वकील, चांगला बोलणारा, गावोगाव गर्दी जमवणारा. दुसरी रेनाटे, साठीला आलेली, पूर्वी शाळेची मुख्याध्यापिका, आता जिल्हा कचेरीत वरच्या जागेवर. डीटर तिचे जुने सहकारी आणि तिच्या प्रचाराचे प्रमुख. मुक्ता त्यांच्या हाताखाली. डीटरची रीत जुनी: सभासदाच्या घरी जायचं, कॉफी प्यायची, त्याचं सगळं ऐकून घ्यायचं, पत्रक टेबलावर ठेवून निघायचं. मुक्ताला ही रीत फार सावकाश वाटायची. "गेनाऊ, अगदी असंच आपण हरणार," ती मला मराठीत म्हणायची, डीटर समोर असताना.

हेल्गा रोज त्यांच्याबरोबर यायची. घरी तिला एकटं ठेवता येत नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून ती पत्रकं दुमडायची. येणाऱ्या प्रत्येकाला उठून नमस्कार करायची, कुणाच्या मुलाला सर्दी आहे का विचारायची. गावातल्या निम्म्या माणसांना तिने जन्माला येताना पाहिलं होतं. ती तिथल्या इस्पितळात सुईण होती. आजाराबद्दल कचेरीतल्या दोन-चार माणसांनाच ठाऊक होतं. बाकीच्यांना वाटायचं, बाई जरा वेंधळी आहे, वय झालं.

संध्याकाळी घरी निरंजन टीव्हीवर अमेरिकेतल्या बातम्या लावून बसायचा. तिथेही त्या वर्षी पक्षांतर्गत उमेदवारीची चुरस चालली होती. अमका प्रचारप्रमुख काढला, तमका आणला, इकडे वारं फिरलं, तिकडे पडलं. "मावशी, यांचंही तुमच्या मुक्तासारखंच," तो म्हणायचा. त्यांची सात वर्षांची मुलगी इरा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देऊन कार्टून लावायला सांगायची. मुक्ता टीव्हीकडे बघत वरणभात कालवायची आणि खायचं विसरायची.

डीटररावांच्या घरी

एका रविवारी दुपारी डीटररावांनी जेवायला बोलावलं. मी, मुक्ता आणि रेनाटे. त्या भागातले बटाट्याचे मोठे उकडलेले गोळे त्यांनी स्वतः केले होते. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठे, आत तळलेल्या पावाचे तुकडे. माझ्यासाठी अळंब्यांचा रस्सा वेगळा, बाकीच्यांना मांसाचा. सोबत लाल कोबी, सफरचंद घालून शिजवलेला. मी दोन गोळे खाल्ले तेव्हा हेल्गाने तिसरा वाढला, अगदी आपल्याकडच्या बायका वाढतात तसा, नको म्हणत असताना.

जेवताना रेनाटे काहीतरी हळू आवाजात सांगू लागली. मला भाषा कळत नव्हती, पण बोलणं कामाचं आहे हे कळत होतं. मुक्ता मान डोलवत होती, डीटररावांनी काटा खाली ठेवला होता. आणि हेल्गा, जी एरवी पाच मिनिटांत विषय विसरायची, ती रेनाटेच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग ती उठून खिडकीशी गेली आणि जेवायला परत आली नाही.

परतताना मोटारीत मी मुक्ताला विचारलं.

"इस्पितळातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद करावा लागणार आहे," ती म्हणाली. "डॉक्टर मिळत नाहीत, जन्म कमी झालेत. मग बायकांना येनाला जावं लागेल. रेनाटेने आम्हाला विश्वासात घेऊन सांगितलं. बाहेर आत्ता नाही बोलायचं."

"आणि सभेत कुणी विचारलं तर?"

"तर ती म्हणेल की वॉर्ड राहावा म्हणून मी झटेन. मावशी, तो वकील आला ना, तर अख्खं इस्पितळ विकून मोकळा होईल. रेनाटे एक वॉर्ड सोडून बाकीचं वाचवेल. काय बरं आहे, सांग."

अशी उत्तरं मी सांगलीत पुष्कळ ऐकली होती, पण ती देणारा माझ्या घरचा नव्हता.

सभा

त्याच आठवड्यात डोंगराकडच्या एका खेड्यात दोन्ही उमेदवारांची एकत्र सभा होती. अग्निशमन दलाच्या गाड्या बाहेर काढून त्या शेडमध्ये खुर्च्या मांडलेल्या. वकिलाची माणसं आधीच येऊन पुढे बसली. रेनाटे बोलली ते मला समजलं नाही, पण टाळ्या कशा पडतात हे कुठल्याही भाषेत समजतं. त्या विरळ होत्या.

मग प्रश्न सुरू झाले. एका गरोदर बाईने वॉर्डाबद्दल विचारलं. रेनाटेने ठरल्यासारखं उत्तर दिलं. ती बोलत असतानाच मागच्या रांगेतून हेल्गा उभी राहिली. डीटर दाराशी कुणाशी तरी बोलत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. हेल्गाचा आवाज स्वच्छ आणि ठाम होता. वॉर्डातून हुकूम सोडताना तिचा आवाज असाच असणार. मुक्ता माझ्या शेजारी ताठ झाली. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघू लागली. डीटर धावत आले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती खाली बसली आणि त्यांच्याकडे बघून हसली.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

"म्हणाली, रेनाटे, तू आमच्या टेबलाशी बसून सांगितलंस की वॉर्ड बंद होणार. मग या मुलीला असं का सांगतेस? हिला तयारी करायला हवी."

तिथे एक बातमीदार बसली होती. तिचं पेन कसं चालत होतं ते मी पाहिलं. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

बातमी छापून आली आणि दोन दिवसांत सगळं फिरलं. रेनाटेच्या बाजूने बोलणारे फोन उचलेनात. ज्या घरांत डीटरने कॉफी प्यायली होती, तिथल्या बायकांनीच आधी पाठ फिरवली. वकिलाने प्रत्येक सभेत ती बातमी वाचून दाखवायला सुरुवात केली.

बदल

रेनाटेने मुक्ताला भेटायला बोलावलं. मुक्ता परत आली ती स्वयंपाकघरात कोट न काढताच बसली. डीटरला काढायचं ठरलं होतं. त्यांच्या जागी मुक्ता. आणि एक निवेदन काढायचं होतं, तेही तिनेच लिहायचं. तिने लिहिलेलं मला मराठीत सांगितलं: हेल्गा काही वर्षांपासून स्मृतिभ्रंशाने आजारी आहे, सभेत तिने सांगितलं त्याला कसलाही आधार नाही, आणि या कुटुंबाच्या खाजगी दुःखाचा सर्वांनी मान राखावा.

"पण ती म्हणाली ते खरं आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"आणि तिचा आजार गावाला माहीत नाही."

"तेही माहीत आहे, मावशी." ती माझ्याकडे बघत नव्हती. "पर्याय सांग. रेनाटे खोटं बोलली असं लिहू? मग वकील येतो. इस्पितळात तीनशे खाटा असतील नसतील, पण तेवढं एकच इस्पितळ आहे या बाजूला."

निरंजन दारात उभा होता. तो फक्त म्हणाला, "मुक्ता, हेल्गा आपल्या इराचा वाढदिवस करायला आली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर खाटकाच्या दुकानात गेले. तिने नको म्हटलं नाही. डीटर कॉफी करत होते, हेल्गा कोपऱ्यात पत्रकं दुमडत होती. मुक्ताने सांगायला सुरुवात केली. पुढचं संभाषण तिने मला नंतर शब्दाशब्दाने सांगितलं, पण चेहरे मी तिथेच पाहिले.

"डीटर, तू आता थोडी विश्रांती घे. प्रचार मी बघते."

"हे रेनाटेने ठरवलं?"

"हो."

"ती कुठे आहे?"

रेनाटे बाहेर तिच्या मोटारीत बसली होती. डीटरनी काचेतून बघितलं आणि मान हलवली.

"आणि हेल्गाबद्दल काय छापणार?"

मुक्ताने सांगितलं. डीटररावांनी कप खाली ठेवला. मग ते बराच वेळ बोलले. मला त्यातलं 'नाइन', म्हणजे नाही, तेवढं कळत होतं, ते पुन्हा पुन्हा येत होतं.

"मला काढा, ते ठीक आहे," ते म्हणत होते. "लिहा की डीटरने चुकीचं ऐकलं आणि बायकोला सांगितलं. लिहा की डीटर म्हातारा झाला, त्याने खोटं पसरवलं. मी सही करतो. तिचं नाव घेऊ नका. ती अजून बाजारात जाते. लोक तिला सुईणबाई म्हणतात."

"त्यावर कुणी विश्वास नाही ठेवणार, डीटर. तिने टेबल म्हटलं. रेनाटे समोर होती असं म्हटलं."

डीटरनी आकड्यावरून हेल्गाचा कोट काढला, तिला घातला, बटणं लावली. तिला वाटलं जेवायची वेळ झाली. बाहेर पडल्यावर तिला मोटारीत रेनाटे दिसली आणि तिने हसून हात हलवला. रेनाटे फोनमध्ये बघत राहिली.

निवेदन त्या दिवशीच वर्तमानपत्रांकडे गेलं.

वारं

त्यानंतरचे दिवस मी पाहिले आणि मला त्यांची भीती वाटली, इतकं ते सोपं झालं. आजारी बाईचा वकिलाने फायदा उठवला, असं लोक म्हणू लागले. तो ती बातमी वाचायला उभा राहिला की सभेतून नापसंतीचे आवाज यायचे. मुक्ताने सभा दुप्पट केल्या, तरुण पोरं जमवली, फोनचं काम नीट लावलं. खुर्च्या कमी पडू लागल्या. ज्या शेडमध्ये टाळ्या विरळ पडल्या होत्या तिथे बायका रेनाटेला मिठी मारायला रांगेत उभ्या राहिल्या. तुम्हाला किती सोसावं लागलं, असं एकजण तिला म्हणाली. मुक्ताने ते मला सांगितलं तेव्हा तिचं तोंड कडू झालं होतं, पण तिने काम थांबवलं नाही. निरंजनने टीव्ही लावणं बंद केलं.

शनिवारी मतदान झालं. रेनाटे मोठ्या फरकाने जिंकली. सभागृहात बिअर आली, बाहेर निखाऱ्यांवर सॉसेज भाजले गेले, कुणीतरी मुक्ताला खांद्यावर थोपटून 'आमची भारतीय सेनापती' म्हणालं. डीटररावही मत द्यायला आले होते. चिठ्ठी टाकून, कुणाशी न बोलता निघून गेले. जेव्हा सगळे रेनाटेभोवती गोळा झाले तेव्हा मुक्ता मागे एकटीच खुर्च्या उचलून एकात एक घालत होती. मी मदतीला गेले. "राहू दे मावशी," ती म्हणाली. "मला हे करू दे."

निरोप

निघायच्या आदल्या दिवशी मी डीटररावांकडे गेले. मुक्ता आली नाही. मी तिला आग्रह केला नाही. हेल्गाने दार उघडलं, माझं नाव विचारलं, आत नेलं. डीटररावांनी कॉफी आणि वर साखरेचा चुरा असलेला केक ठेवला. वागण्यात काही कमी नव्हतं.

मी हेल्गाची विचारपूस केली.

"तिला यातलं काही आठवत नाही," ते म्हणाले. "ते बरं आहे. पण लोकांना आठवतं. आता सगळे तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलतात, लहान मुलाशी बोलावं तसं. बेकरीतली बाई पाव तिच्या हातात न देता माझ्या हातात देते. त्या बाईच्या दोन्ही मुली हेल्गाच्या हातून झाल्या आहेत. हेल्गा मला विचारते, डीटर, मी काही चूक केली का?"

मग मी विचारलं, मत कुणाला दिलं, हे विचारलं तर चालेल का.

"रेनाटेला."

"अजूनही?"

"इस्पितळाचं उरलेलं तिच्याकडूनच वाचेल. मुक्ताचं गणित चुकीचं नव्हतं." त्यांनी माझा कप पुन्हा भरला. "तिला सांगा, तिचं गणित चुकीचं नव्हतं. आणखी काही सांगू नका."

मी तेवढंच सांगितलं. मुक्ता इराचे केस विंचरत होती. तिने ऐकलं आणि विंचरत राहिली.

सांगलीत आल्यावर

पुढे खरी निवडणूक झाली आणि रेनाटे लांडराट झाली. मुक्ता आता तिच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे. थंडी सुरू व्हायच्या आत बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला. बाकीचं इस्पितळ चालू आहे. वॉर्ड बंद होण्याची घोषणा मुक्तानेच लिहिली. ती छापून आली तेव्हा गावात कुणी हेल्गाचं नाव काढलं नाही, तिच्या बोलण्याची आठवणही कुणी काढली नाही, असं निरंजनने मला सांगितलं.

गेल्या महिन्यात मुक्ताचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आईच्या गुडघ्यांचं झालं, मग ती म्हणाली, "मावशी, काल बाजारात हेल्गा भेटली."

"ओळखलं तिने?"

"नाव नाही आठवलं. पण मी ओळखीची आहे एवढं वाटलं असावं. सरळ येऊन माझ्या हातात हात घातला आणि चालायला लागली. काय काय सांगत होती, तिच्या लहानपणचं. डीटर मागून येत होता."

"ते काही बोलले?"

"नाही. मला नमस्कारही केला नाही. पण तिला बाजूलाही नाही घेतलं. आम्ही तशाच चालत राहिलो, चर्चच्या कोपऱ्यापर्यंत. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, बोलू दे. कोपऱ्यावर त्याने तिचा हात माझ्या हातातून सोडवून घेतला, हळूच, तिला कळणार नाही असा. आणि ते दोघं घरी गेले."

मी विचारलं, "तू?"

"मी तिथेच उभी होते," मुक्ता म्हणाली.